खडकावरचे शिंपले मोजण्यात एक आयुष्य का घालवायचे?

गोव्यात जेटी, मरीना किंवा बंदराच्या विस्ताराचा विषय निघाला की पाठोपाठ पर्यावरणीय परिणामांचा अहवाल येतो, जनसुनावणी होते आणि अहवालातले आकडे वर्तमानपत्रांत छापून येतात. झुआरीकाठी नावशी येथे प्रस्तावित असलेल्या मरीनाला मच्छीमारांनी विरोध केला, तेव्हा उपजीविकेचा प्रश्न पुढे होता. पण त्याच्या मुळाशी दुसरा एक प्रश्न होता, तो म्हणजे त्या चिखलात आणि खडकांवर नेमके काय जगते आणि ते नाहीसे झाले तर काय होईल. अशा अहवालांच्या मधल्या पानांवर लॅटिन नावांची लांबलचक यादी असते. बहुतेक वाचक ती पाने उलटून पुढे जातात, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण ती यादी कोणी केली, कशी केली आणि तिच्यावर किती विसंबावे, हे कोणी सांगितलेलेच नसते. एखादी व्यक्ती पंचविशीत हे काम हाती घेते आणि निवृत्तीपर्यंत त्यातच रमते, हेही बाहेरच्या माणसाला कोड्यात टाकणारे आहे.

ताटातले आणि ताटाबाहेरचे

ज्यांना पाठीचा कणा नसतो, त्या प्राण्यांना अपृष्ठवंशी म्हणतात. जगातील प्राण्यांच्या ज्ञात जातींपैकी सुमारे ९५ टक्के जाती अपृष्ठवंशी आहेत. गोव्याच्या माणसाला त्यांची ओळख करून देण्याची गरज नाही, कारण तिसऱ्या, खुबे, शिनाणे, कालवे, कुर्ल्या आणि कोळंबी हे सगळे त्यातलेच. पण आपल्या ताटात येतात ते अगदी थोडे. खडकांना आणि होड्यांच्या बुडाला चिकटलेली पांढुरकी, धारदार कवचे असणारे बार्नेकल, खडकाच्या खाचेत बसलेले समुद्रफूल, तारामासे, चिखलात बिळे करून राहणारे केसाळ कृमी, आणि वाळूच्या दोन कणांच्या मधल्या जागेत आयुष्य काढणारे, सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणारे जीव, असा हा मोठा गोतावळा आहे.

संध्याकाळी ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी आपण सर्वांनी पाहिलेली असते. ती एका नखाएवढ्या खेकड्याची कामगिरी असते. पाणी हटले की तो बिळातून बाहेर येतो, नांग्यांनी वाळू तोंडाशी नेतो, तिच्या कणांवर चिकटलेले सूक्ष्म शेवाळ आणि जीवाणू काढून घेतो आणि उरलेली वाळू गोळी करून बाजूला टाकतो. भरती येईपर्यंत त्याचे हे काम अखंड चालते. किनाऱ्याची वाळू स्वच्छ राहते आणि तिच्यातले अन्न मासे व पक्ष्यांपर्यंत पोहोचते, ते अशा असंख्य लहान जीवांमुळे. ही वाळू गाड्यांच्या चाकांखाली दाबली गेली की बिळे बुजतात आणि गोळ्यांची नक्षीही दिसेनाशी होते.

हाच पट्टा का?

भरतीचे पाणी जिथपर्यंत चढते आणि ओहोटीला जिथपर्यंत उतरते, त्या दोन रेषांमधल्या जागेला भरती-ओहोटीचा पट्टा म्हणू. गोव्यात उधाणाच्या दिवशी या दोन पातळ्यांमध्ये सुमारे दोन मीटरचा फरक पडतो. या दोन मीटरांत जगणाऱ्या प्राण्याला दिवसातून दोनदा समुद्राखाली आणि दोनदा उघड्यावर राहावे लागते. मे महिन्यात हणजूणच्या किंवा वागातोरच्या काळ्या खडकावर दुपारी हात टेकवत नाही, आणि तिथेच कालवे व बार्नेकल कवच घट्ट मिटून पाण्याची वाट पाहत असतात. पावसाळा आला की परीक्षा उलटी होते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत गोव्याच्या किनाऱ्यावर सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. मांडवी आणि झुआरी दुथडी भरून येतात, आणि जिथे एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असत, तिथे वरच्या थरातले पाणी जवळजवळ गोडे होते. जगाच्या थंड भागांतील किनाऱ्यांवरचे नियम इथे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, याचे हे मोठे कारण आहे. इथल्या किनाऱ्याचा अभ्यास इथेच, आणि पावसाळा धरूनच करावा लागतो.

खडकाकडे नीट पाहिले तर वरपासून खालपर्यंत वेगवेगळ्या जीवांचे पट्टे दिसतात. अगदी वर, जिथे फक्त शिंतोडे पोहोचतात, तिथे दाण्याएवढ्या गोगलगायी असतात. मध्ये बार्नेकल आणि कालवे. खाली शेवाळ, शिनाणे आणि समुद्रफुले. हे पट्टे का पडतात, याचे पटणारे उत्तर जोसेफ कॉनेल यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून मिळाले. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर त्यांनी बार्नेकलच्या दोन जातींचा अभ्यास केला. खालच्या पट्ट्यातली दांडगी जात हाताने काढून टाकली, तर वरची जात खालीही सुखाने वाढू लागली. म्हणजे खालची जागा तिला मानवत नव्हती असे नाही. शेजारी तिला तिथे टिकू देत नव्हते. एखादा जीव वर किती चढेल हे बहुधा ऊन आणि कोरडेपणा ठरवतो, आणि खाली किती उतरेल हे बहुधा इतर जीव ठरवतात. जंगलात असा प्रयोग करायला एक जन्म पुरला नसता. किनाऱ्यावर तो काही वर्षांत, हातभर जागेत करता येतो, आणि म्हणूनच निसर्गातील स्पर्धा आणि सहवास यांविषयीचे कितीतरी मूलभूत ज्ञान या अरुंद पट्ट्यातून आले आहे.

प्रत्यक्षात काम काय असते?

भारतात या कामाचे मोठे केंद्र गोव्यातच आहे. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम संपत आल्यावर १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली आणि पुढे तिचे मुख्यालय दोनापावलाच्या टेकडीवर उभे राहिले. तिचे पहिले संचालक डॉ. एन. के. पणिक्कर यांचे स्वतःचे संशोधन, कोळंबीसारखे प्राणी खाऱ्या-गोड्या पाण्यात आपल्या शरीरातील क्षारांचा तोल कसा सांभाळतात, या विषयावरचे होते. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठातही सागरी विज्ञानाचे शिक्षण मिळते. प्राणिशास्त्रातील किंवा सागरी विज्ञानातील पदव्युत्तर पदवी, संशोधन शिष्यवृत्तीची राष्ट्रीय परीक्षा, मग पीएच.डी., हा रस्ता साधारण सर्वांचा सारखाच असतो. वेगळे असते ते त्यानंतरचे.

या संशोधकाचे वेळापत्रक चंद्र ठरवतो. भरती-ओहोटीच्या वेळा दर दिवशी सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकतात, आणि खडकाचा सर्वांत खालचा भाग उघडा पडतो तो अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या काही दिवसांतच. त्या दिवशी ओहोटी पहाटे असेल तर पहाटे जावे लागते, मग रविवार असो वा चतुर्थी. किनाऱ्यापासून पाण्यापर्यंत एक दोरी टाकायची, तिच्यावर ठरलेल्या अंतरांवर अर्ध्या मीटरची चौकोनी चौकट ठेवायची आणि चौकटीच्या आत जे जे आहे ते मोजायचे. चौकट आपल्याला आवडेल तिथे ठेवायची नसते. गर्दी दिसते तिथेच ती टेकवली तर किनारा खोटा समृद्ध दिसतो, म्हणून जागा आधी ठरवलेल्या नियमानेच निवडावी लागते. वाळू किंवा चिखल असेल तर ठरावीक मापाचा नमुना काढून अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीच्या चाळणीतून धुतात. चाळणीत उरलेले जीव रसायनात टिकवून त्यांना गुलाबी रंग देतात, म्हणजे मातीच्या कणांतून ते वेगळे ओळखू येतात.

किनाऱ्यावर दोन-तीन तास, आणि त्यापुढे प्रयोगशाळेत कित्येक दिवस, असे या कामाचे प्रमाण असते. चिखलातल्या दोन कृमींमधला फरक कधी कधी त्यांच्या अंगावरच्या केसांच्या टोकाला एक दात आहे की दोन, एवढाच असतो. तो दिसण्यासाठी डोळा तयार व्हावा लागतो आणि तो तयार व्हायला वर्षे लागतात. ही तयारी पुस्तकातून पुरती होत नाही. जाणत्या माणसाच्या शेजारी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसावे लागते.

एकाच विषयाला इतकी वर्षे कशाला?

ही शंका नेहमी येते. चार्ल्स डार्विन यांनी १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे बार्नेकलवर काढली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्या काळी, थोड्याच वर्षांपूर्वीपर्यंत, बार्नेकल म्हणजे शिंपल्यांचे भाऊबंद असे मानले जाई. त्यांची पिल्ले पाहिल्यावर कळले की ते खेकडे-कोळंबीच्या कुळातले आहेत. त्या पिल्लाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. अंड्यातून बाहेर पडल्यावर ते पाण्यात तरंगत राहते, सहा अवस्थांतून कात टाकते आणि मग एका शेवटच्या अवस्थेत जाते, ज्यात ते काहीच खात नाही. अंगात साठवलेली चरबी संपायच्या आत त्याला घर शोधायचे असते. डोक्यावरच्या दोन शुंडांवर ते खडकाच्या पृष्ठभागावर अक्षरशः चालत फिरते, पृष्ठभाग कसा आहे, त्यावर जीवाणूंचा कोणता थर आहे, आसपास आपल्या जातीचे मोठे बार्नेकल आहेत का, हे चाचपते, नको वाटले तर पोहत दुसरीकडे जाते. जागा पसंत पडली की डोक्यापासून चिकट द्रव सोडून ते कायमचे चिकटते आणि उरलेले आयुष्य डोके खाली ठेवून, पिसांसारख्या पायांनी पाण्यातले अन्न गोळा करत काढते. एकदा निवडलेली जागा बदलता येत नाही. जहाजांच्या बुडावर हेच बार्नेकल बसले की इंधन जास्त जळते, म्हणून दोनापावलाच्या प्रयोगशाळेत या पिल्लांचे तापमान, क्षारता आणि अन्न बदलून काय होते, याचा अनेक वर्षे अभ्यास झाला आहे.

पण दीर्घ काळाचे खरे महत्त्व वेगळे आहे. आरोग्य केंद्रात तान्ह्या बाळाचे वजन कार्डावर दर महिन्याला नोंदतात. एका महिन्याच्या आकड्यावरून काहीच सांगता येत नाही, पण बारा महिन्यांच्या ठिपक्यांची रेषा पाहिली की परिचारिकेला काळजी करायची की नाही हे लगेच कळते. किनाऱ्याचेही तसेच आहे. शिंपल्यांची संख्या एखाद्या वर्षी निम्म्यावर येणे हे पूर्णपणे नैसर्गिक असू शकते, कारण त्या वर्षी पाऊस लवकर आला आणि पिल्ले वाहून गेली. हे नेहमीचे चढउतार किती, हे ज्याला माहीत आहे, तोच नेहमीबाहेरची घसरण ओळखू शकतो. ती ओळख येण्यासाठी बिघाड होण्याच्या आधीच्या नोंदी लागतात, आणि त्या मागाहून कितीही पैसे मोजले तरी मिळवता येत नाहीत.

गोगलगायीने लावलेला शोध

या कामाने धोरण बदलल्याचे मला सर्वांत पटणारे उदाहरण एका रंगाचे आहे. जहाजांच्या बुडावर बार्नेकल बसू नयेत म्हणून काही दशके ट्रायब्युटिलटिन या कथिलयुक्त विषाचे रंग वापरले जात. १९७० च्या सुमारास इंग्लंडमधील प्लिमथच्या किनाऱ्यावर गोगलगायींचा अभ्यास करताना असे आढळले की, मादी गोगलगायींना नराचे लिंग फुटत आहे. पुढच्या काळात सिद्ध झाले की हा त्या रंगाचा परिणाम आहे, आणि त्यासाठी एक लिटर पाण्यात सुमारे एक नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, एवढे विषही पुरते. अशा माद्यांचा अंडी बाहेर पडण्याचा मार्ग बंद होई, आणि काही किनाऱ्यांवरून ती जातच दिसेनाशी झाली.

१९९९ मध्ये दोनापावलाच्या शास्त्रज्ञांनी गोव्याच्या किनाऱ्यावरील ‘क्रोनिया कोंकणेन्सिस’ या गोगलगायीत हाच विकार नोंदवला. मुरगावसारखे गजबजलेले बंदर असलेल्या आपल्या किनाऱ्यावर ते विष पोहोचल्याचा तो जिवंत पुरावा होता. पाण्यातले इतके सूक्ष्म प्रमाण मोजायला महागडी उपकरणे लागतात आणि ती त्या क्षणाचेच पाणी मोजतात. गोगलगाय मात्र एकाच जागी राहून वर्षभराचा परिणाम अंगावर वागवते. या रंगांवर जागतिक बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये मान्य झाला आणि १७ सप्टेंबर २००८ रोजी अमलात आला. त्यानंतर इंग्लंडच्या किनाऱ्यांवर त्या गोगलगायी पुन्हा वाढल्याचे दिसले. गोगलगायींच्या शरीररचनेचा बारकाईने अभ्यास करणारी माणसे नसती, तर ही बंदी किती उशिरा आली असती, याचा विचार करावा.

माणसाच्या उपयोगाचे काय?

उपयोगाची कसोटी लावायचीच असेल, तरी हे प्राणी तिला उतरतात. शरीरातील पेशी परक्या वस्तूला गिळून आपले रक्षण करतात, हे इल्या मेचनिकोव्ह यांना १८८२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर, ताऱ्यामाशाच्या पारदर्शक पिल्लात काटे टोचून पाहताना उमगले आणि १९०८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पेशींचे विभाजन नियंत्रित करणारी सायक्लिन नावाची प्रथिने टिम हंट यांना सी-अर्चिन या काटेरी प्राण्याच्या अंड्यांत सापडली. कर्करोग समजून घेताना आज त्यांचा विचार केल्यावाचून चालत नाही. शंकूच्या आकाराच्या एका विषारी सागरी गोगलगायीच्या विषावरून तयार केलेल्या वेदनाशामकाला अमेरिकेत २००४ मध्ये परवानगी मिळाली. तरीही माझे मत असे की, उपयोग हे या अभ्यासाचे एकमेव समर्थन मानू नये, कारण वरच्या तिघांपैकी कोणत्याही कामाचा उपयोग आधी सांगता आला नसता.

डीएनए चाचणी आली, आता तज्ज्ञ कशाला?

पाण्याचा एक पेला घेऊन त्यातल्या डीएनएच्या तुकड्यांवरून तिथे कोणकोणते जीव आहेत हे सांगता येते, हे खरे आहे आणि ते फार उपयोगी तंत्र आहे. पण यंत्र डीएनएचा क्रम देते; तो क्रम कोणत्या प्राण्याचा, हे सांगण्यासाठी संदर्भ म्हणून आधी कोणीतरी तो प्राणी हातात घेऊन ओळखलेला, त्याचा डीएनए नोंदवलेला आणि नमुना जपून ठेवलेला असावा लागतो. भारताच्या किनाऱ्यावरील अनेक कृमी आणि बारीक गोगलगायींच्या बाबतीत ही पहिली पायरीच अपुरी आहे. शिवाय डीएनएवरून प्राण्याचे अस्तित्व कळते. त्याचे वय, आकार, पिल्ले धरली आहेत की नाही, कवच झिजले आहे का, हे कळत नाही.

परदेशी जीव ओळखण्यासाठी तर जाणता माणूस हवाच. जहाजे तोल राखण्यासाठी एका बंदरात पाणी भरतात आणि दुसऱ्या बंदरात सोडतात. त्या पाण्यातून पिल्ले प्रवास करतात. मूळचा कॅरिबियन भागातला एक लहान काळसर शिंपला १९६० च्या दशकात विशाखापट्टणमला आढळला आणि पुढे मुंबईच्या गोद्यांतही पसरला. अशा पाण्यावर प्रक्रिया करण्याचा आंतरराष्ट्रीय करार ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू आहे. पण नवा पाहुणा आला हे त्यालाच कळते, ज्याला जुने रहिवासी तोंडपाठ असतात. असे तज्ज्ञ निवृत्त होतात, त्यांच्या जागी त्याच विषयाचा माणूस येतोच असे नाही, आणि कपाटातल्या नमुन्यांच्या बाटल्यांवरची शाई पुसट होत जाते. मला या सगळ्या विषयातली ही गोष्ट सर्वांत जास्त अस्वस्थ करते.

शिनाणे कमी का झाले?

बाजारात शिनाण्यांचे वाटे लहान होऊन महागले की लगेच एकच दोषी शोधला जातो. वास्तविक कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. वाढण्याआधीच लहान शिंपले खरवडून नेणे, बांधकामातून व खाणींतून आलेला गाळ, सांडपाणी, तापणारे पाणी, यांतले प्रत्येक कारण शक्य आहे आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते. केवळ मोठे शिंपले नाहीसे होऊन पिल्ले भरपूर दिसत असतील तर संशय काढणीवर जातो; पिल्लेच बसत नसतील तर पाण्याकडे किंवा गाळाकडे पाहावे लागते. त्यातच पश्चिम किनाऱ्याचे एक नैसर्गिक वैशिष्ट्य आहे. पावसाळ्याच्या अखेरीस, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, खोल समुद्रातील कमी प्राणवायूचे पाणी किनाऱ्याजवळ वर येते. कांदोळीसमोरच्या समुद्रात संशोधकांनी वर्षानुवर्षे केलेल्या मोजमापांतून त्याचे चित्र स्पष्ट झाले. ते पाणी कोणत्या वर्षी किती वर आले, हे ठाऊक नसेल तर त्या वर्षी मेलेल्या तळच्या जीवांचा दोष भलत्याच्याच माथी मारला जाईल.

चिखलीच्या उपसागरातील चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांचीही अशीच काळजी घ्यावी लागते. जुन्या गोमंतकीय घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी याच शिंपल्यांची तावदाने बसवत. आज ही जात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे. पण कायद्याने काढणी थांबली तरी गाळ थांबत नाही, आणि हा प्राणी चिखलाच्या पृष्ठभागावर पडून राहणारा असल्यामुळे त्याला पळून जाता येत नाही.

पुढचा अहवाल हाती येईल तेव्हा

त्या लॅटिन यादीकडे आता थोडे वेगळ्या नजरेने पाहता येईल. पहिली गोष्ट पाहायची ती नमुने घेतल्याच्या तारखांची. प्रकल्पांसाठीचे जलद अहवाल बहुधा एकाच हंगामाच्या आणि पावसाळा वगळून घेतलेल्या नोंदींवर आधारलेले असतात; गोव्याच्या किनाऱ्याला वर्षातून एकदा पार बदलून टाकणारा हंगामच त्यातून गळतो. दुसरी गोष्ट, नमुने पट्ट्याच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या अशा तिन्ही भागांतून घेतले आहेत का, आणि प्रत्येक भागात किती चौकटी टाकल्या. तिसरी, प्राण्यांची ओळख जातीपर्यंत नेली आहे की ‘कृमी’, ‘गोगलगायी’ अशा ढोबळ गटांवर सोडून दिली आहे. कारण घाण पाण्यात फोफावणारा कृमी आणि स्वच्छ पाण्यातच जगणारा कृमी हे दोघेही ढोबळ यादीत सारखेच दिसतात. चौथी, त्याच जागेच्या जुन्या नोंदींशी तुलना केली आहे का. दोनापावला, हणजूण किंवा झुआरीच्या मुखाविषयी पूर्वीचे संशोधन उपलब्ध असताना ते न पाहता केलेली यादी अपुरी मानावी. आणि शेवटी, ओळखलेले नमुने कोणत्या संग्रहात ठेवले आहेत, हे विचारावे. नमुना जपलेला असेल तर वीस वर्षांनी दुसरा कोणी तो बाटलीतून काढून ओळख बरोबर होती की नाही हे तपासू शकतो. जनसुनावणीत हे प्रश्न विचारायला कोणतीही पदवी लागत नाही. ते लेखी द्यावेत आणि इतिवृत्तात नोंदवून घ्यावेत.